पहिले फुलपात्र

शिक्षकाच्या हातून घडलेल्या अन्यायाला साक्षीदार पुष्कळ असतात. परंतु ते सारे सहा ते दहा वर्षांचे असतात, आणि त्यांची साक्ष कोणी नोंदवून घेत नाही. म्हणून तो अन्याय करणे सोपे जाते. पुढे साक्षीदार मोठे होतात, पांगतात, कदाचित विसरतातही; ज्याने केला त्याच्यापाशी मात्र तो राहतो. मी छत्तीस वर्षे अध्यापन केले. त्यांतल्या एका आठवड्याविषयी आज लिहावयाचे आहे.

"चौतीस! पस्तीस! छत्तीस!"

सारी शाळा एका सुरात मोजत होती. टेबलावर मी तुपाचा एक जुना डबा उपडा केला होता, आणि त्यातून पडलेला एकेक चिंचोका उचलून तांबोळी बाई पितळी ताटात टाकीत होत्या. त्या डब्यावर चिमणीचे चित्र चिकटवलेले होते. शेजारच्या डब्यावर बैलाचे चित्र होते. त्याचे चिंचोके आधीच मोजून झाले होते. अठरा.

"सदतीस!"

ताटात शेवटचा चिंचोका वाजला. आणि असा कल्लोळ झाला की कौलांवरची कबुतरे उडाली. तिसरीचौथीच्या मुली गिरजाभोवती गोळा झाल्या. बैल चिन्हाचा उमेदवार विलास काटकर दोन्ही हात कमरेवर ठेवून ताटाकडे पाहत उभा राहिला, आणि मग पुढे होऊन म्हणाला, "गिरजे, मला पाणी देशील न्हवं?"

"रांगेत उभा ऱ्हायलास तर दीन," गिरजा म्हणाली.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या जुलैमधली. शेरखिंड हे माणदेशाच्या सीमेवरचे लहानसे गाव. पहिली ते चौथीची शाळा, सत्तावन्न मुले आणि आम्ही दोघे शिक्षक. मुख्याध्यापक मी. कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत सहा वर्षे व्याकरण आणि धर्मशास्त्र शिकून नंतर मी या व्यवसायात आलो होतो. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब साताऱ्याला असे. शेरखिंडीत मी एका खोलीत एकटा राहत होतो आणि त्या शाळेत मला अकरा वर्षे झाली होती. तांबोळी बाई पहिली-दुसरीला शिकवीत. तालुक्याच्या गावाहून त्या रोज एसटीने येत. त्यांना सात वर्षे झाली होती.

शाळेचे मंत्रिमंडळ दरवर्षी होत असे. अभ्यासमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, स्वच्छतामंत्री आणि जलमंत्री. आजवर नावे मी सुचवीत असे आणि मुले हात वर करीत. त्या वर्षी नागरिकशास्त्रात निवडणुकीचा पाठ शिकवताना मला वाटले, हे खरेखुरे करून पाहावे. नावे मुलांनीच सुचवावी, प्रचार करावा, आणि मत गुप्त असावे. पहिलीच्या मुलांना वाचता येत नव्हते म्हणून चित्रांचे डबे केले. प्रत्येकाने एक चिंचोका घेऊन कपाटामागे एकट्याने जायचे आणि हव्या त्या डब्यात टाकायचा.

"गुर्जी, आन् चिंचोका खाल्ला तर?" पहिलीतल्या एकाने विचारले होते.

"तर तुझे मत तुझ्याच पोटात राहील," मी म्हणालो होतो, आणि सारे हसले होते.

जलमंत्र्याचे पद सर्वांना हवे असे. गावाला पाण्याची टंचाई पाचवीला पुजलेली. शाळेच्या ओसरीच्या कोपऱ्यात एक मोठा रांजण पुरलेला होता, आणि त्यावर लांब दांड्याचे पितळी ओगराळे टांगलेले असे. मधल्या सुट्टीत मुले ओंजळी पुढे करून रांगेने उभी राहत आणि जलमंत्री ओगराळ्याने पाणी घाली. कोणाला आधी, कोणाला किती, हे त्याच्या हाती असे.

विलास हा शाळा समितीचे अध्यक्ष बापू काटकर यांचा मुलगा. त्याने प्रचाराच्या भाषणात सांगितले होते, "मला मत दिलं न्हाई त्याला पाणी मिळनार न्हाई."

"विलास, ही धमकी झाली," मी म्हणालो.

"गुर्जी, परचार हाय ह्यो."

गिरजाचे भाषण दोन वाक्यांचे होते. "पयल्याझूट पयलीच्या पोरांना पानी. आन् मी वरनं वतनार न्हाई, कुनाच्याबी अंगावर शितोडं उडनार न्हाईत."

हे दुसरे वाक्य मी त्या वेळी नुसते ऐकले.

गिरजा सदाशिव अवघडे ही ओढ्यापलीकडच्या मातंग वस्तीतली. बाप दुसऱ्याच्या बैलगाडीवर, आई गोदाबाई शिंदीच्या केरसुण्या बांधी. गावातल्या बहुतेक घरांत आणि शाळेतही गोदाबाईच्याच हातची केरसुणी होती. मुलगी चौथीत, अंगाने किरकोळ, अक्षर टपोरे. एखादे काम सांगितले की होकार न देता ती सरळ करूनच टाकी.

आणखी एक पायंडा होता, तो मीच पाडला होता. शपथविधी झाला की नव्या जलमंत्र्याने रांजणातले पहिले फुलपात्र भरून गुरुजींना द्यायचे, आणि गुरुजींनी ते सर्वांच्या समक्ष प्यायचे. मुलांना त्या क्षणाचे फार अप्रूप असे. एरवी मी माझा तांब्या घरून आणीत असे. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्रकृतीला चांगले, असे मी मुलांना सांगितलेले होते.

"सोमवारी शपथविधी," मी जाहीर केले, आणि शनिवारची शाळा सुटली.

रविवारी सकाळी मी पूजेला बसलो. परंतु चित्त स्थिर होईना. गावाला हे रुचणार नाही, असे एकसारखे वाटत होते. पालक मुलांना घरून पाण्याच्या बाटल्या देऊन पाठवतील. रांजणापाशी रांगच लागणार नाही. ओगराळे हाती घेऊन ती पोर एकटीच उभी राहील. हे चित्र मी इतके स्पष्ट पाहिले की ते घडून गेले आहे असे मला वाटू लागले. एका बालिकेला अपमानापासून वाचवणे हे शिक्षकाचे कर्तव्य नव्हे काय? संध्याकाळपर्यंत माझ्या मनात सर्व काही नीट बसले. जो शास्त्र शिकलेला असतो त्याला आपल्या मनाजोगते कारण सापडायला वेळ लागत नाही.

सोमवारी प्रार्थनेपूर्वी मी तांबोळी बाईंना म्हणालो, "गिरजाला जलमंत्री करण्यात अडचण आहे, बाई."

"कसली अडचण?"

"गावाला चालणार नाही. उगाच पोरीचा अपमान होईल."

"कोणी आलं होतं का तुमच्याकडे?"

"अजून नाही. येतील."

बाईंनी हातातले डस्टर खाली ठेवले. "मला वाटतं, गुरुजी, आधी येऊ द्यावं. आले तर आपण दोघं बोलू त्यांच्याशी. हे गाव मला जेवढं कळलंय..."

"आल्यावर उशीर झालेला असतो."

त्यांची नजर माझ्या टेबलाकडे गेली, तिथे माझा तांब्या होता, त्यावर पेला पालथा घातलेला. मग त्या म्हणाल्या, "बरं. मुख्याध्यापक तुम्ही आहात."

मुले अंगणात ओळीने उभी होती. गिरजाने केसांना तेल लावून लाल फीत बांधली होती. तिच्या हातात घडी केलेले एक पांढरे फडके होते, चारी बाजूंनी हातशिलाईची टीप घातलेले. रांजणावर बांधायचे गाळणे होते ते. जुने गाळणे विरलेले होते हे तिने कधी पाहून ठेवले होते कोण जाणे.

मी म्हणालो, "मुलांनो, मंत्र्यांना कोणते खाते द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रमुखाकडे असतो. गिरजाचा नीटनेटकेपणा मी चार वर्षे पाहत आलो आहे. शाळेची स्वच्छता हे सर्वांत मोठे खाते. ते मी तिच्याकडे सोपवतो. जलमंत्री म्हणून विलास काम पाहील."

टाळ्या वाजल्या नाहीत. विलासच बोलला. "गुर्जी, मी पडलोय की."

"शांत उभा राहा."

"पन मग मतं कशाला टाकली?"

"विलास."

गिरजाने हात वर केला. वर्गात प्रश्न विचारताना करीत असे तसाच, कोपर दुसऱ्या हाताने धरून.

"गुर्जी, माझी मतं कमी भरली का?"

"नाही."

"मग माझं काय चुकलं का?"

"नाही, बाळ. काहीच चुकलेले नाही."

तिने मान हलवली. हात खाली घेतला. दोन्ही उत्तरे तिने गणिताचा ताळा पाहावा तशी मनात ताडून पाहिली असावीत. ती जुळली नाहीत, आणि तिने पुढे विचारले नाही.

शपथविधी झाला. सोपवलेले काम प्रामाणिकपणे करीन, कोणाशी भेदभाव करणार नाही, असे शब्द होते. ते मीच रचलेले होते. प्रत्येक मंत्र्याला त्याच्या कामाची वस्तू द्यायची रीत होती. अभ्यासमंत्र्याला खडू, क्रीडामंत्र्याला चेंडू. गिरजाला मी नवी केरसुणी दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि मुठीपाशी विणलेल्या वादीवरून अंगठा फिरवला. गाठ तिच्या आईच्या हातची होती, हे मला त्या वेळी सुचले नाही, असे लिहिण्याचा मोह होतो. ते खरे नाही. मला सुचले होते.

मग ती विलासपाशी गेली आणि हातातले फडके त्याला दिले. "हे रांजनाला बांध. आईनं शिवलंय. दर शनवारी धुवायचं."

विलासने फडके बांधले, पाणी गाळून घेतले, फुलपात्र भरले आणि माझ्यापुढे धरले. मी ते सर्वांच्या समक्ष प्यायलो.

मंगळवारी काही घडले नाही. फक्त मधल्या सुट्टीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रांजणापुढे रांग नेहमीसारखीच लागली होती, आणि गिरजा तिच्यात नव्हती. सुट्टीभर ती ओसरी झाडत राहिली. झाडून झालेली ओसरी पुन्हा झाडत राहिली.

बुधवारी दुपारी बापू काटकर आले. गडी आडदांड, आवाज रानात वाढलेला; पण शाळेच्या उंबऱ्यावर चप्पल काढून आत येण्याची त्यांची सवय होती. हाताला विलास होता.

"गुर्जी, एक कोडं सोडवा. ह्यो माझा पोरगा पडला का निवडून आला?"

"बापू, बसा."

"बसतो. आधी सांगा."

"मते गिरजाला अधिक पडली."

"किती?"

"तिला सदतीस. विलासला अठरा."

बापू हसले. "म्हंजी नुसता पडला न्हाई, आपटलाच की रं." मग हसणे ओसरले. "दोन रोज झालं, ह्यो घरात तोंड फुगवून बसलाय. पोरं ह्येला 'पडका मंत्री' म्हनत्यात. मी म्हनलं, पोराचं खोटं असंल. गुर्जी असं करायचं न्हाईत."

"मला गावाचा विचार करावा लागला, बापू."

"गावाचा? गावानं काय केलं?"

"लोकांना चालले नसते. तिच्या हातचे पाणी... तुम्हाला ठाऊक आहे."

"कुनाला चाललं नसतं?"

मी टेबलावरचा हजेरीपट सरळ केला.

"नाव घ्या, गुर्जी. सरपंच आलता?"

"नाही."

"गुरव आलता?"

"नाही."

"मी? माझं पोरगं त्याच रांजनाचं पानी पितंय. मी आलतो?"

"नाही, बापू."

"मग गाव कंच्या वाटंनं आलं तुमच्याकडं?"

तांबोळी बाई शेजारच्या वर्गात पाढे घेत होत्या. ते थांबले होते.

बापूंनी आवाज उतरवला. "गावात तसली मानसं न्हाईत, असं मी म्हनत न्हाई. हायेत. माझी म्हातारीच हाय. अजून गोदाबाई अंगनात आली की मागनं पानी शिपडती. लाज वाटती मला, पर म्हातारीला काय बोलनार. पन तिनंबी तुमाला सांगावा धाडला न्हवता. आन् एक सांगू का? त्या रांजनाला फडकं गोदाबाईचं बांधलंय. तीन रोज अख्खी शाळा त्यातनंच गाळलेलं पानी पितीया. एक पोरगं आजारी पडलं न्हाई, का एक घर बाटलं न्हाई. तुमी ह्ये आमच्या नावावर खपवलंत, गुर्जी."

मी म्हणालो, "मी पोरीच्या हिताचाच..."

"असंल, असंल." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसले. बाहेर ऊन रखरखत होते. त्या वर्षी जुलै कोरडाच चालला होता. "घसा सुकला. जरा पानी घेतो." आणि त्यांनी टेबलावरच्या तांब्याकडे सहज हात केला.

माझा हात त्याआधी तांब्यावर गेला.

मी तो नेला नाही. तो गेला. पालथ्या पेल्यावर माझा पंजा पडला आणि तिथेच राहिला. बापूंचा हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे. विलासही पाहत होता.

"विलास," मी म्हणालो, "वडिलांना रांजणातले पाणी आण."

"ऱ्हाऊ द्या," बापू म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "तसं हाय व्हय ते." टोपी डोक्यावर ठेवून ते उठले. दारात वळून म्हणाले, "मग गावाला कशाला मधी घातलं, गुर्जी?"

ते गेले, तरी माझा हात तांब्यावरच होता.

अकरा वर्षे मी जलमंत्र्याचे नाव सुचवीत आलो होतो. काटकर, जगदाळे, गुरव, सुतार. त्या नावांमध्ये ओढ्यापलीकडचे एकही नव्हते, आणि ते नाही हे मी कधी मोजले नव्हते. प्रत्येक वर्षी पहिले फुलपात्र मी प्यायलो, कारण ते कोणाच्या हातून येणार हे मीच ठरवलेले असे. या वर्षी ते मुलांनी ठरवले. रविवारी मी ज्या रिकाम्या रांगेचे चित्र पाहिले, तिच्यात न उभा राहणारा माणूस मी एकटाच होतो. सोमवारी सकाळी सर्वांसमोर तोंडाला लावावे लागणार होते ते फुलपात्र मला नको होते. एवढेच होते. त्याला मी गाव असे नाव दिले.

आणि मुलांना मी प्रकृतीचे कारण सांगत आलो होतो. मुले ते ऐकत, आणि तांब्या पाहत.

गुरुवारी मी तांब्या नेला नाही. शाळा भरायला अवकाश होता. गिरजा ओसरी झाडीत होती. मी कपाटातून फुलपात्र काढले आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"गिरजा, माझी चूक झाली. आज प्रार्थनेच्या वेळी मी सर्वांना सांगणार आहे. जलमंत्री तूच."

तिने केरसुणी भिंतीला टेकवली, आणि विचार केला. तिला विचार करताना पाहणे मला आजवर फार आवडत असे.

"नको, गुर्जी."

"का?"

"तवा पोरांनी दिलं हुतं." ती थांबली. तिला हवे ते शब्द तिच्यापाशी नव्हते, आणि माझ्यापाशी होते ते सारे निरुपयोगी होते. "आता तुमी देताय. ते तसलं न्हाई."

"मी ते परत देतो आहे, गिरजा. तुझेच आहे ते."

"व्हय," ती म्हणाली. "पर मला आता कसंतरीच वाटंल. वगराळं धरलं की सोमवार आठवंल."

मी फुलपात्र पुढे केले. "बरे. मंत्री होऊ नकोस. मला पाणी तरी दे. तुझ्या हातचे."

तिने फुलपात्राकडे पाहिले, रांजणाकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर ना सूड होता, ना रुसवा. शपथ घेतलेल्या माणसाला जेवढा पेच पडावा तेवढाच होता.

"गुर्जी, जलमंत्री विलास हाय," ती म्हणाली. आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "विलास! ये विलास! गुर्जींना पानी दे रं."

विलास धावत आला. त्याने पाणी दिले. मी प्यायलो. तिने केरसुणी उचलली आणि राहिलेली ओसरी झाडून घेतली.

प्रार्थनेच्या वेळी मी मुलांसमोर चूक कबूल केली. पहिलीची मुले एकमेकांकडे पाहून हसली. गुरुजी चुकतात ही त्यांना गंमत वाटली. चौथीची हसली नाहीत. विलास वर्षभर जलमंत्री राहिला आणि त्याने ते काम चोख केले. पहिलीच्या मुलांना आधी पाणी, आणि ओगराळे ओंजळीच्या जवळ. गिरजा मात्र शाळेत पाणी प्यायली नाही. तहान लागली की ओढा ओलांडून घरी जाई आणि तास सुरू होण्यापूर्वी परत येई. तिला कोणी काही बोलले नाही. मीही नाही.

त्या गुरुवारी मधल्या सुट्टीत मी तांबोळी बाईंपाशी पाणी मागितले. त्या डबा उघडून बसल्या होत्या.

"तांब्या विसरलात का?"

"आणला नाही."

त्या उठल्या. कपाटाच्या खालच्या खणातून एक निळ्या काठाचा कप काढला. त्यात खडूचे तुकडे होते. ते त्यांनी कागदावर ओतले, कप रांजणाशी नेऊन विसळला, पाणी भरून माझ्यापुढे ठेवला.

"पहिल्या वर्षी तुमच्यासाठी म्हणून आणला होता," त्या म्हणाल्या. "मग लक्षात आलं, म्हणून खडू ठेवायला घेतला." आणि त्या पुन्हा जेवू लागल्या.

दिवाळीनंतर अवघड्यांचे बिऱ्हाड ऊसतोडीला गेले. मुलगी आजीपाशी राहील, असे गोदाबाईने आधी सांगितले होते. मग धाकट्या भावाला सांभाळायला तिला नेले. जानेवारीपर्यंत ती आली नाही, तेव्हा नियमाप्रमाणे हजेरीपटावरून नाव कमी करावे लागले. ती तांबडी रेघ मी माझ्याच हाताने ओढली. तिचे बिऱ्हाड शेरखिंडीत परतले नाही. कोल्हापूरकडे कुठेतरी राहिले, एवढे बापूंकडून कळले. पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. निघालो त्या दिवशीही रांजणावर तेच फडके होते, हातशिलाईच्या टिपेचे, शनिवारी धुतलेले.

आज गिरजा पन्नाशीच्या घरात असेल. ती शिकली की नाही, मला ठाऊक नाही. त्या शाळेत ती जे काही शिकली असेल, त्यात मी शिकवलेले किती, हा विचार मी फार करीत नाही. तांब्या माझ्याकडे अजून आहे. माझी सून त्यात मोगऱ्याची फुले ठेवते, आणि मी तिला ही गोष्ट सांगितलेली नाही.

विलास, बापू आणि त्या समंजस बाई जिथे असतील तिथे त्यांचे कल्याण होवो. कपाटामागे एकट्याने जाऊन ज्या सदतीस लेकरांनी आपापला चिंचोका चिमणीच्या डब्यात टाकला, त्यांचा तो विश्वास माझ्यामुळे पुरता मोडला नसो. आणि गिरजा, बाळ, तू असशील तिथे तुझा रांजण भरलेला राहो. तुझ्या हातचे पाणी ज्यांना लाभते, त्यांना त्याची किंमत कळो. आणि तुला तहान लागेल तेव्हा ओढा ओलांडून जावे न लागो.